सडक गेली लांब

दुपारी जेवून चटईवर आडवी होते. पंख्याचा आवाज हळूहळू जड होतो, इंजिनासारखा घुमतो, आणि मी डोळे उघडते तर शेजारी आमचे मालक, पोरींचे वडील, ट्रक चालवताहेत. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेले, तेच. अंगात चौकड्यांचा शर्ट.

मी क्लीनरच्या जागी बसले आहे. बाहेर आमचं स्वयंपाकघर मागे सरकतंय, भांड्यांची मांडणी, माठ, मग जालन्याचा रस्ता, कडेनं मोसंबीच्या बागा. मला याचं नवल वाटत नाही. खिडकीत डावं कोपर टेकवून, हात बाहेर उन्हात सोडून बघत राहते.

मालक गुणगुणतात. कुठल्याशा ढाब्यावर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून शिकलेलं गाणं:

सडक गेली लांब, रं गड्या, सडक गेली लांब,
माझ्या दारी कुणी नाही, म्हणंल मला थांब.

या गाण्याचा मला फार राग यायचा. घरात मी, दोन पोरी, सासूबाई. आणि हा माणूस ओसरीवर बसून आपल्याला कुणी नाही म्हणून गातो. शेजारणी हसायच्या. जिवंतपणी कधी विचारलं नाही, आज विचारते.

"आम्ही सगळ्या असताना हेच गाणं का हो?"

ते गिअर बदलतात. रस्त्यात आता आमची ओसरी आहे, धाकटी तिथं झोपलेली, लहान असतानाची. तिला वळसा घालून ते गाडी सावकाश पुढं काढतात.

"ज्याचं गाणं आहे त्याला खरंच कुणी नव्हतं, गोदे. आपण म्हणत गेलं की त्याला सोबत होते. आणि मला घरी कोण कोण आहे, ते आठवत राहतं."

 मग सांगते, पोरी सासरी गेल्या, सासूबाई गेल्या, आता घरात मी एकटीच. ते समजूत घालत नाहीत. गाणं येतं का, एवढंच विचारतात. इतकी वर्षं ऐकलं, न यायला काय झालं, मी म्हणते.

"मग म्हण की."

मी म्हणते. 'थांब'वर आवाज चिरकतो, तेव्हा ते ओळ उचलून धरतात. दुसऱ्यांदा चिरकत नाही. त्यांचा आवाज माझ्या आवाजाखाली राहतो, मग बारीक होतो, मग माझाच ऐकू येतो.

तोंडात गाणं असतानाच जाग येते. वीज गेली आहे. खोलीत कुठूनही ऊन येत नाही. पाणी प्यायला उठते, आणि पेला धरताना बघते: डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत लाल झालाय, उन्हानं भाजल्यासारखा गरम.

उजवा गार आहे.