उन्हाळी नव्हती

माझी मुलगी शनिवार पेठेत साड्यांच्या दुकानात कामाला आहे. दुकानात मुलींना जायला जागा नव्हती. चौकातल्या सार्वजनिक संडासाला कडी नाही. म्हणून कामावर लागली तेव्हा मीच तिला सांगितलं, "दिवसा पाणी पिऊ नकोस. प्यायलं की लागते." मी लोकांची धुणीभांडी अशीच केली. कुणाच्या घरात बाथरूम विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही.

पुढे तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. मला वाटलं, उन्हाळी लागली. घरी आली की सब्जा भिजवून द्यायचे. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. लघवीला उग्र वास यायचा. ती दवाखान्यात जाऊ म्हणाली, तर मी म्हटलं, "असलं काही बाप्या डॉक्टरला सांगायचं का?" थंडी वाजून ताप भरला, कंबर धरून बसली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे बाई डॉक्टर होत्या. म्हणाल्या, किडनीत मोठा खडा आहे, किडनीला धोका आहे. लघवी तुंबून राहिली की जंतू वाढतात. हे जंतू एक रस सोडतात. त्याने लघवीतला युरिया फुटतो, अमोनिया होतो, वास त्याचाच. मग लघवीतले क्षार खाली बसतात आणि त्यांचा खडा होतो. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तसं मी समजले.

"पाणी किती पितेस?" त्यांनी विचारलं.

"आईला विचारा. माझं पाणी तीच बघते."

डॉक्टर हसल्या. मला मान वर करता येईना.

खडा काढला, किडनी वाचली. पण जंतू राहिले तर खडा पुन्हा होतो, म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी अडवायची नाही. मी तिच्याबरोबर मालकांकडे गेले. बोलायचं मी, असं ठरलं होतं. तिथे मी साड्यांच्या घड्याच बघत राहिले. शेवटी तिनेच संडासाचं विचारलं.

"हे साड्यांचं दुकान आहे, धर्मशाळा नाही," मालक म्हणाले.

"माहीत आहे. धर्मशाळेत संडास असतो."

मालकांनी तिच्याकडे बघितलं आणि माळ्यावरच्या स्वतःच्या संडासाची किल्ली काउंटरवर ठेवली. आता किल्ली तिथेच असते, सगळ्या मुलींसाठी.

सकाळी निघताना ती दारात उभी राहून तांब्याभर पाणी पिते. माझ्या ओठांवर अजून "पुरे" येतं. मी आत भांडी लावायला जाते.