देवाचा सुजलेला घसा

डॉक्टर साळवेबाईंनी माझी जीभ कापडाच्या तुकड्यात पकडली, बाहेर ओढली आणि म्हणाल्या, "आता ई म्हणा."

आपली जीभ दुसऱ्याच्या हातात असताना माणूस काय म्हणणार? माझ्या तोंडून जे निघालं ते रेड्याने ऐकलं असतं तर त्याने ओ दिली असती. बाईंच्या दुसऱ्या हातात लांब दांड्याचा छोटा आरसा होता. तो त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला होता, आधी स्वतःच्या मनगटाला टेकवून पाहिला होता आणि मगच माझ्या घशात घातला होता. गरम नसला तर श्वासाची वाफ धरते आणि काही दिसत नाही.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझी जीभ मला परत केली.

"डाव्या व्होकल कॉर्डवर पॉलिप आहे."

व्होकल कॉर्ड म्हणजे घशातल्या स्वरपट्ट्या. दोन असतात, आणि त्या एकमेकींवर थरथरतात म्हणून आवाज होतो. पॉलिप म्हणजे त्या पट्टीवर आलेला मांसाचा फुगवटा. माझा मुगाच्या दाण्याएवढा होता. तो काढायचा आणि काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवायचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो साधा आहे की कॅन्सरचा हे ठरवायचं.

कॅन्सर हा शब्द बाईंनी एकदाच उच्चारला, तोही हळू. माझ्या शेजारी बसलेल्या सुमनने, माझ्या बायकोने, पदर तोंडाशी धरला. मी मात्र भलतंच विचारलं.

"बाई, आवाज राहीन काय?"

"प्रयत्न करू. खात्री देत नाही." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुम्ही फार ओरडता का? घरात भांडणं वगैरे?"

"नाई बाई. मी राज्य करतो."

सुमनला तशातही हसू आलं. तिनेच खुलासा केला. लाखनीला हायवेवर माझं सायकलच्या सामानाचं दुकान. पण दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक होतं, आणि आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे रात्र संपेपर्यंत. त्यात मी राजा. माइक मी कधी घेतला नाही. समोर चटयांवर माणसं, त्यांच्या मागे बैलगाड्या, आणि शेवटच्या गाडीच्या बैलानेही कान टवकारले पाहिजेत हा माझा हट्ट. मागच्या हंगामात मोहाडीला मी सेनापतीला देहदंड सुनावत होतो, तेव्हा आवाज मधेच फाटला आणि कोंबडीसारखा निघाला. लोक हसले. सेनापतीही हसला. देहदंड झालेला माणूस हसतो म्हणजे राज्य गेलंच.

त्यानंतर ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. तुमच्यापैकी कुणाचा घसा असा बसला आणि तीन-चार आठवड्यांत उठला नाही, तर माझ्यासारखी ज्येष्ठमधाची झाडं संपवत बसू नका. घसा दाखवून या. आरशाला काही मिनिटं लागतात, आणि जीभ परत मिळते.

ही ऐंशी सालानंतर थोड्याच वर्षांतली गोष्ट. घशाचं ऑपरेशन करणारं आमच्या भागात फारसं कुणी नव्हतं. मिशनच्या त्या दवाखान्यात साळवेबाई होत्या, आणि त्यांच्याजवळ नवाच आलेला एक मायक्रोस्कोप होता. त्यातून पाहिलं की मूग टरबुजाएवढा दिसतो. रोज काम संपलं की बाई स्वतः त्याच्यावर क्रोशाचं विणलेलं कापड घालत. आमच्याकडे देव्हाऱ्यावर घालतात तसंच.

माझा प्रॉम्प्टर गोविंदा आसगावहून भेटायला आला, तो घाबरलेलाच. "भाऊ, तिथी ऑपरेशनच्या आधी सगडे हात जोडून उभे रायतात म्हणते. डॉक्टरलेच भरोसा नाई, त मंग आपून कायले जाचं?"

हे माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मला टेबलावर निजवलं तेव्हा खरंच सगळे भोवती उभे राहिले. बाईंचे हात हातमोज्यात, वर धरलेले. डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, या माणसाचा आवाज तू दिलेला आहे. माझे हात स्थिर ठेव, आणि मला घाई होऊ देऊ नको."

"बाई," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "एक विचारू काय? देवावर भरोसा आहे, त मशीन कायले? न् मशीनवर आहे, त देव कायले?"

भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात थांबला. बाईंच्या तोंडावर मास्क होता, पण डोळे हसले.

"नाटकाआधी तुम्ही काय करता?"

"हार्मोनियमची पूजा करतो. नारळ फोडतो."

"संवाद पाठ असतानाही?"

"पाठ नसले, त नारळ काय करीन?"

"मग झालं तर. माझे पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "झोपा आता."

मी झोपलो.

जागा झालो तेव्हा समोर सिस्टर मर्सी होत्या. ह्या केरळच्या. त्यांची मराठी नागपुरात शिकलेली आणि हिंदीने टेकू दिलेली. त्यांनी माझ्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली. "बात नै करायचा. एक शब्द पण नै. डॉक्टर मॅडमचा ऑर्डर."

ह्याला व्हॉइस रेस्ट म्हणतात, म्हणजे घशाला सक्तीची सुट्टी. जखम भरेपर्यंत पट्ट्या एकमेकींवर घासता कामा नयेत. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, खाकरायचंही नाही. मला जन्मठेप चालली असती. सुमन मात्र खाटेजवळ स्टुलावर बसून माहेरच्या गोष्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू लागली. "इतक्या वर्षांत पयल्यांदा माह्यं बोलणं पूर्ण होऊन राह्यलं," ती शेजारच्या हर्नियावाल्या म्हाताऱ्या बाबाला म्हणाली. बाबा म्हणाला, "माह्या बुढीलेबी सांगतो. माह्यं हेच ऑपरेशन करून घे म्हणतो तिले."

बोलता येत नसलं की माणूस ऐकू लागतो, दुसरं करणार काय? मला कळलं की बाबाला पोटापेक्षा धानाची काळजी आहे, कापणी कोण करीन म्हणून. मला हेही दिसलं की दुपारी बाईंचा डबा त्यांच्या खोलीत येतो, सिस्टर त्यावर ताटली झाकतात, आणि संध्याकाळी डबा तसाच परत जातो. दिवसभर बाईंना शंभर माणसं काहीतरी विचारत. माझं पोट, माझा कान, माझ्या पोराचा ताप. मीही त्यातलाच. पाटीवर रोज एकच लिहायचो, "आवाज येईन ना?"

आणि मी संध्याकाळची प्रार्थना ऐकायचो. दिवे लागले की सिस्टर मर्सी वॉर्डाच्या मध्ये उभ्या राहून ती वाचत. बाईंनी स्वतः लिहिलेली, दवाखान्यापुरती. तशी प्रार्थना मी कुठल्या देवळात ऐकली नव्हती. तीत रोग्यांसाठी मागणं होतं, पण आभार मानले होते ते निराळ्याच लोकांचे. भुलीचं औषध शोधणाऱ्या अनोळखी माणसांचे. भिंग घासणाऱ्यांचे. रक्त देणाऱ्यांचे. जनरेटरचे आणि त्याच्या डिझेलचेही. "निर्जंतुक पाण्याबद्दल" या ठिकाणी सिस्टर रोज अडखळत. नटाला दोनदा ऐकलेलं पाठ होतं. मला तिसऱ्या दिवशी सगळी प्रार्थना पाठ होती, अडखळण्यासकट.

एका संध्याकाळी प्रार्थनेच्या मध्यावर लाइन गेली. ऑपरेशन चालू होतं, जनरेटर तिकडे लागला होता, वॉर्डात काळोख. सिस्टर थांबल्या. कागद दिसेना, पुढचं आठवेना. सगळे खाटांवर हात जोडून बसलेले. शांतता पसरली, आणि ती लांबत चालली.

रंगमंचावर अशी शांतता पडली की काय होतं, हे नटालाच माहीत. अंगाला घाम फुटतो. आणि गोविंदा बाजूच्या पडद्याआडून फक्त श्वासाने पुढची ओळ सरकवतो, आवाज न करता. मी काहीही विचार केला नाही. तसंच केलं. कुजबुज म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी माझी पक्की समजूत. वीस वर्षं नाटकात काढलेल्या कुणाचीही असते.

"निर्जंतुक पाण्याबद्दल," मी अंधारात सोडलं.

"निर्जंतुक पाण्याबद्दल," सिस्टर म्हणाल्या, पहिल्यांदाच न अडखळता.

शेवटपर्यंत ओळ ओळ करून मी पुरवली. काय प्रयोग झाला तो!

सकाळी वॉर्डात दुसराच प्रयोग चालू होता. हर्नियावाला बाबा नव्या पेशंटला सांगत होता, "काल इथी देव बोलला. भिंतीतून आवाज आला न बापा. सिस्टर पुढं बोलून राह्यली, न् देव मांगून सांगून राह्यला." बायकांच्या वॉर्डातून दोघीजणी भिंतीला हात लावून गेल्या. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. आतून मला हसू आवरत नव्हतं, आणि हसणंही मना होतं.

साळवेबाई राउंडला आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ माझ्या खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काल देव बोलला म्हणे. जरा तोंड उघडा बघू."

दिवा, आरसा, जीभ. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"देवाचा घसा सुजलाय," त्या म्हणाल्या. "कुजबुज बोलण्यापेक्षा वाईट असते. पट्ट्या आवळल्या जातात आणि जखमेवर ताण येतो. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" मग स्वतःच म्हणाल्या, "मीच सांगायला हवं होतं."

मी पाटीवर लिहिलं, "गेला काय?"

"माहीत नाही. मौन आता वाढवावं लागेल. मग कळेल."

त्या वेळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कॅन्सरची भीती लांबची होती. ही घशातच बसलेली होती. आणि तिथवर मी तिला माझ्या पायांनी चालत गेलो होतो, अंधारात टाळी मिळवायला.

बाई तिथून गेल्या नाहीत. वॉर्डाकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "काल भिंतीतून कुणी बोललं नाही. ह्या पेशंटने सिस्टरला ओळी सांगितल्या."

बाबाचा चेहरा उतरला. "म्हंजे देव नोता काय, बाई?"

"बाबा, अंधारात एक माणूस विसरला आणि दुसऱ्याने आठवण करून दिली. मला त्यात देव दिसायला तेवढं पुरतं. पण आवाज ह्यांचाच होता. इथे मी खोटं औषध देत नाही, तसा खोटा चमत्कारही देत नाही."

बाबाने भिंतीकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण पाठ मस्त केलं होतं गा तू."

बायोप्सीचा रिपोर्ट त्यानंतर आला. सिस्टर मर्सी पळतच आल्या. "कॅन्सर नै! साधा गाठ!" आता सांगा, असली बातमी ऐकून माणसाने गप्प कसं बसावं? मी खाटेवरून उतरलो आणि वॉर्डाच्या मधोमध मूकनाट्य केलं. राजा मेला, यम आला, यमाने वही पाहिली, पत्ता चुकला म्हणून यम माफी मागून रेड्यावर बसून परत गेला. टाळ्या पडल्या. सुमन हसता हसता रडायला लागली, आणि मी पाटीवर तिला लिहून दिलं, "पुढची गोष्ट सांग. तुझ्या मामाच्या लग्नाची राहिली."

शेवटी तो दिवस आला. साळवेबाईंच्या खोलीत मी स्टुलावर, शेजारी सुमन, दारात गोविंदा. बाईंनी आरसा घालून पाहिलं. "जखम भरलीये. आता बोला. हळू, सहज. एकच वाक्य, तुम्हाला हवं ते."

ह्या वाक्याची मी किती तयारी केली होती! राज्याभिषेकाचा संवाद, अर्ध्या पानाचा, पण त्यातली पहिली ओळ निवडून ठेवली होती. गोविंदाही सवयीने ओठ हलवून तयार होता. मी मान वर केली, श्वास घेतला. समोर खिडकीच्या कठड्यावर डबा होता. वर ताटली. ऊन उतरणीला लागलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "जेवल्या काय तुमी?"

आवाज आला. फाटला नाही. थोडा खाली उतरलेला, स्वच्छ. माझाच.

गोविंदा ओठ हलवायचा थांबला. सुमनने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. बाईंनी घशात उजेड पाडायचा, कपाळाला बांधलेला गोल आरसा काढून टेबलावर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून नाही."

सिस्टर मर्सींनी ताटली उचलली. गार पोळ्या आणि वांग्याची भाजी. बाई आमच्यासमोरच जेवायला बसल्या. त्याआधी क्षणभर डोळे मिटले, आणि मग पहिला घास घेत म्हणाल्या, "तोंड भरलं असलं तरी मला ऐकू येतं. म्हणा, आ."

"आ," मी म्हटलं.

"ई."

त्या डबा संपेपर्यंत मी बाराखडी म्हणत होतो.

त्या वर्षी मंडईत मी राजा झालो नाही. पडदा ओढला. पुढच्या वर्षी मुकुट परत मिळाला, पण समोर माइक घेऊन. आता नारळ फुटतो तेव्हा त्याचं पाणी दोन थेंब माइकच्या दांड्यालाही लावतो. गोविंदा म्हणतो, मशीन खराब होईन. मी म्हणतो, दांड्याले लावून राह्यलो बापा, मशीनले नाई. नारळानंतर आमची सगळी मंडळी क्षणभर गप्प उभी राहते, आणि शेवटच्या बैलगाडीच्या बैलांनी आता कान टवकारले नाहीत तरी मला चालतं.