बडनेरा ते पातूर : अण्णा, भजन आणि डीजे

पुतणीच्या लग्नाला पातूरला जायचं ठरलं, तेव्हा मी दादाला फोनवर एकच अट घातली, हळदीला डीजे नको. आमचे वडील, अण्णा, रेल्वेतून निवृत्त झालेले. बडनेऱ्यात त्यांनी आयुष्यभर खंजिरी भजनाचं मंडळ चालवलं. त्यांना तो दणदणाट सोसणार नाही, हे मी गृहीतच धरलं. सानिका, म्हणजे नवरी, रुसली. दादा म्हणाला, "तू म्हनशील तसं."

पुण्याहून बडनेऱ्याला उतरले आणि सकाळी अण्णांना घेऊन गाडीनं निघाले. तुम्ही जाणार असाल तर आधी अमरावतीत गिला वडा खा. थोडा उलटा फेरा पडतो, पण दही-चटणीत निथळणाऱ्या त्या एका प्लेटीवर दुपार निघते. पुढे मूर्तिजापूरवरून अकोला, रस्ता झकास. अकोल्याहून पातूर तासाभरावर, दोन्हीकडे कपाशी. वाटेत मी अण्णांसाठी भजनं लावली. ते खिडकीबाहेर बघत होते. तल्लीन झालेत, असं मला वाटलं.

दादाची फुलशेती, त्यामुळे मांडव झेंडूनं भरलेला. जेवायला वरण-बट्टी आणि झणझणीत वांग्याची भाजी. संध्याकाळी हळद लागली आणि गावातलं भजनी मंडळ बसलं. दुसऱ्याच भजनाला अण्णा उठून गेले. मी शोधत गेले तर ते मांडवामागे, डीजेच्या गाडीजवळ खुर्ची टाकून बसलेले. दादानं ती आधीच ठरवलेली, परत पाठवली नव्हती.

"हे काहून बंद हाये?" त्यांनी विचारलं.

मी कानाजवळ जाऊन म्हटलं, "तुमच्यासाठीच बंद ठेवलंय, अण्णा."

"मी कवा म्हटलं?"

भजन संपल्यावर सानिका तिकडे आली, तर अण्णा तिला म्हणाले, "लाव बाई, तुह्यावालं लाव." मग सगळं पातूर हादरलं. अण्णा स्पीकरवर तळहात ठेवून मान डोलवत होते, समोर हळदीनं पिवळी सानिका नाचत होती. मी हळदीचं ताट हातात धरून दोघांकडे बघत राहिले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी पातूरच्या लेण्यांकडे गेलो. ऊन चढायच्या आत जा, पाणी सोबत ठेवा. आत गार होतं, शांत होतं. तिथं अण्णा आपणहून बोलले.

"भजनात मले लोकायची तोंडं हलताना दिसतात फकत. सानिकाचं गाणं छातीत वाजते."

"कधीपासून?" मी कानाशी वाकून विचारलं.

"झाले बरेच दिवस. तुले सांगून काय करू?"

त्यांची आवड मी जपत होते आणि त्यांना ऐकूच येत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून थोडी रडले.

परतताना अमरावतीत अण्णांचे कान तपासून घेतले, ऐकायचं यंत्र बसवलं. बडनेऱ्याच्या घरी मी मोठ्या उत्साहानं त्यांच्या मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. अण्णांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"येते का ऐकू?"

"सगळं येते. वामनचा सूर चुकला तोही आला." मग म्हणाले, "आता सानिकाचं लाव."

पुण्यात येऊन आठवडा झाला. मला अजून कळलेलं नाही, त्यांना ते गाणं आवडतं, की सानिका.