मापारी मामांची साखर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरात बायकोलाही नाही: आमच्या मामांच्या रक्तातल्या साखरेचे तीन महिन्यांचे आकडे मी मनानं भरले. आणि तेही अशा माणसाचे, ज्यानं उभ्या जन्मात एक खोटं माप तोंडातून काढलं नाही. असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तिचे वडील लवकर गेले आणि मामांनीच तिला वाढवलं. नामपूरच्या कांदा बाजारात ते चाळीस वर्षं मापारी होते. काट्याशेजारी उभं राहून त्यांनी वजन पुकारायचं आणि मुनीमानं ते लिहायचं. मामी गेल्या, साखर वाढली, तेव्हा हिनं त्यांना पंचवटीत आमच्या खालच्या खोलीत आणलं. काटा सुटला, पुकारा मात्र सुटला नाही. जिन्याच्या पायऱ्या, मेथीच्या जुड्या, गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, परतणारी माणसं, सगळं ते सुरात मोजत. धुक्याच्या पहाटे तो सूर वर यायचा तेव्हा मला अर्धवट झोपेत वाटायचं, खालून कांद्याच्या गाड्याच चालल्यात. मापाऱ्यांच्या रिवाजानं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. रिक्षावाल्यानं "किती सीट?" विचारलं की मामा ऐटीत सांगत, "लाभ!" आणि तो बिचारा मागे वळून बघे, "लाभ कोण? बरं, मग त्यांना कुठं सोडायचं?"

आमच्या भागातल्या दवाखान्यानं मोबाईलवरून उपचाराची सोय सुरू केली. मामांचा फोन साधा, बटणांचा, म्हणून ॲप माझ्या फोनात आलं. रोज सकाळी मामांनी बोटाला सुई टोचून छोट्या मशीनवर आकडा बघायचा, मी तो ॲपमध्ये टाकायचा, डॉक्टरांनी तिकडे वाचायचा, आणि महिन्यातून एकदा व्हिडिओवर भेट. मामांना हे फार आवडलं, कारण त्यांना यात नवीन काही दिसलंच नाही. मापारी पुकारतो, मुनीम लिहितो. सकाळी सात वाजता जिन्याखालून आरोळी येई, "लिखी ल्या जवाईबापू, लाभशे अडतीस!" मी दाढीच्या फेसासकट ओरडे, "एकशे अडतीस, लिहिलं!" एकदा मी म्हटलं, मामा, बघा तरी मी काय लिहिलंय. त्यांना ते लागलं. म्हणाले, "मुनीमनी वहीमा मापारी डोकावस नही. त्याले अविश्वास म्हनतस." आकडा बरा की वाईट, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. मापाऱ्यानं वजन सांगायचं. माल कसा आहे ते ठरवणारा दुसरा.

व्हिडिओभेटीचा दिवस म्हणजे आमच्याकडे सण. डॉक्टर घरी येणार, म्हणून मामा खोली पुसून घेत, दारात रांगोळी काढायला लावत, स्वतः टोपी-कोट घालून बसत. माझा फोन पाटावर, तांब्याला टेकवून. आणि फोनसमोर बशीसकट चहाचा कप. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. पहिल्या दिवशी त्या गोंधळल्या. "काका, मी दवाखान्यात बसलेय, तुमच्याकडे नाही." मामा म्हणाले, "तठेच बसा, हरकत नही. पन चहा अठला ल्या." त्या चहात दोन चमचे साखर असे, कारण पाहुण्याला फिका चहा देणं मामांच्या धर्मात बसत नव्हतं. भेट संपली की अन्न वाया जाऊ नये म्हणून तो चहा मामाच पीत. तिसऱ्या भेटीत बाईंनी बरोबर पकडलं. "काका, माझा चहा पितं कोण?" मामा छताकडे बघू लागले. तेव्हापासून त्या स्वतःचा कप घेऊनच समोर बसत. "हा बघा, माझा मी आणलाय. तुमचा बिनसाखरेचा येऊ द्या." मग दोघं दोन ठिकाणी बसून फुर्र फुर्र चहा पीत आणि मी मधे फोन सांभाळत बसे. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात आमची खोली मला कुठेतरी अधांतरी तरंगत असल्यासारखी वाटायची.

मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर आहे. द्राक्षांचा हंगाम आला आणि मला सहालाच घर सोडावं लागू लागलं. मामा मग फोनवर पुकारू लागले. सातला फोन वाजायचा, माझ्यासमोर क्रेटचा ढीग, बायांची गडबड, टेम्पोवाल्याचा हॉर्न. मी "हो मामा, लिहिलं" म्हणून फोन खिशात टाकायचो. संध्याकाळी आकडा आठवेना. मामांना परत विचारायची लाज वाटली, म्हणून एकशे तीस टाकला. दुसऱ्या दिवशी एकशे सव्वीस. पुढे तर मी ऐकणंच सोडलं. रविवारी बसून आठवड्याचे आकडे एकदम भरायचो, खरे वाटावेत म्हणून एखादा मुद्दाम थोडा चढा ठेवायचो. ॲपमध्ये हिरवा रंग यायचा, अभिनंदन यायचं. बाई खूष झाल्या, त्यांनी गोळी निम्मी केली. मामांनी त्या आनंदात नवी टोपी घेतली. मशीनवर मात्र त्या दिवसांत दोनशे साठ, दोनशे ऐंशी येत होते आणि मामा ते इमानेइतबारे माझ्या कानात पुकारत होते. त्यांच्या पुकाऱ्यातून 'लाभ' गेला होता. ऐकलं असतं तर मला कळलं असतं.

एका सकाळी मामा म्हणाले, "उजवा डोयामा धुकं शे." डोळ्याच्या दवाखान्यात कळलं, आत रक्त उतरलंय. तो डोळा जवळजवळ गेला. पुढच्या व्हिडिओभेटीला बाईंनी कप आणला नव्हता. बराच वेळ त्या आकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळं तर चांगलं दिसतंय... काका, गोळी कमी करायला नको होती. माझंच चुकलं." मामांनी पाटाकडे सरकून फोनवर हात ठेवला, डोक्यावर ठेवावा तसा. "तुमना दोष नही, माय. मशीन बिघडेल व्हई. मना मुनीम मातर पक्का शे." मी शेजारीच होतो. फोन सरळ करायच्या निमित्तानं मी मान खाली घातली.

आता मी कामाची वेळ बदलून घेतली आहे. सकाळी सातला त्यांच्याजवळ बसतो, ते पुकारतात, मी लिहितो. ते अजूनही माझ्या फोनात डोकावत नाहीत. मला मुद्दाम उजव्या बाजूला बसवतात आणि सांगतात, "ह्या डोयामा आते नामपूरना बाजार दिखस. गाड्या शेतस, बैल शेतस, धुराळा शे." सांगताना हसतात. मी म्हणतो, हो मामा.

त्या बाई अजून त्याच दवाखान्यात आहेत आणि चूक आपली होती असं समजून काम करतात. मामा मशीनला दोष देतात. या दोघांना खरं काय ते मी तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.