प्रश्न माझा, उत्तर ह्यांना

आमच्या प्रताप नगरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. स्वभावाने वाईट नाही हो. चपला दाराबाहेर काढतो, स्क्रू ठेवायला बशी मागून घेतो. पण घरात पुरुष असला की बाईशी बोलायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. विचारते मी आणि तो सांगतो आमच्या ह्यांना. ज्यांनी आजवर माऊसला हात लावलेला नाही, त्यांना!

परवा कॉम्प्युटर सुरूच होईना. त्यात मी एका बोटाने टाइप केलेल्या पारशिवनीच्या आठवणी होत्या, माझं अख्खं माहेर. दुसरीकडे कुठेही प्रत नाही.

"काकाजी, डिस्क खराब झाली. फॉरमॅट मारून देतो," तो म्हणाला.

"थांब गा! आधी माझं लिहिलेलं बाहेर काढ," मी ओरडलेच.

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. "काकाजी, काकू काय म्हणून राहिल्या? काढू काय?"

माझा नुसता संताप झाला. ह्यांनी पेपरमागून मान हलवली, तेव्हा कुठे त्याने डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. बऱ्याच वेळाने फाइली दिसू लागल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. नीट उघडते की नाही बघायला त्याने एक फाइल उघडली, वाचली, खुदकन हसला, आणखी वाचली.

"काकाजी," तो म्हणाला, "काय मस्त लिहिता हो तुम्ही!"

आणि आमच्या ह्यांनी पेपरची घडी केली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असंच आपलं, वेळ मिळाला की."