बिराजीबाबाची मेंढरं

लढाईच्या काळात आमची पलटण ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती. मी केदारखेडा गावचा, माझा दोस्त खंडू धावडा गावचा. निजामाच्या मुलखातले आम्ही दोघंच, म्हणून बाकीचे आम्हाला नवाबसाहेब म्हणून चिडवत. नवाबांच्या अंगात उवा होत्या, ती गोष्ट वेगळी. दोघंही वायरलेसवर. सकाळी पीटी, मग सेटची सफाई, मग ड्यूटी.

आमची ओळख मात्र पलटणीतली नव्हे. खंडूचा बाप बिराजीबाबा धनगर. रब्बी निघाली की तो कळप घेऊन आमच्या रानात यायचा. जाळ्या लावून मेंढरं एका पट्ट्यात रात्रभर बसवायची, दुसऱ्या दिवशी जाळ्या पुढच्या पट्ट्यात न्यायच्या. असं सगळं रान लेंडीखतानं भरायचं. बदल्यात आम्ही ज्वारी द्यायचो. खंडू आणि मी त्या जाळ्यांच्या आसपास खेळतच मोठे झालो.

त्या दिवशी खंडू पेट्रोलबरोबर, म्हणजे गस्तीच्या तुकडीबरोबर, समोरच्या टेकडीवर गेला होता. मी खाली कंपनी हेडक्वार्टरला सेटवर. दुपारी वर फायर सुरू झाला. मेजरसाहेब म्हणाले, "पेट्रोलला मागं बोलाव."

मी ऑर्डर दिली. खंडूचा आवाज आला, "ऑर्डर मिळाली. दोघं जखमी हाईत. त्यायला घेऊन येतो. ओव्हर."

"जल्दी ये. ओव्हर."

जखमींना घेऊन जवान खाली आले. खंडू त्यांच्या मागं, सगळ्यांत शेवटी होता. तो आला नाही. मी संध्याकाळपर्यंत सेटवर हाका मारल्या. टेकडी ताब्यात आल्यावर त्याला तिथंच पुरलं. खड्डा मी खणला, दुसऱ्या कुणाच्या हातात कुदळ दिली नाही.

लढाई संपली, घरी आलो. रान पडीक होतं, तसंच राहू दिलं. आई म्हणायची, "वखर तरी फिरव." मी बघू म्हणायचो. खंडूशिवाय त्या रानात माझा जीव रमत नव्हता. बिराजीबाबा त्या उन्हाळ्यात आला नाही. पुढच्याही नाही. म्हाताऱ्यानं येणं सोडलं तर खंडूचं काहीच माझ्याकडे उरणार नव्हतं. शेवटी मीच धावड्याला गेलो.

बाबा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "मेंढरं इकून टाकतो. गिऱ्हाईक ठरलंय. हाकाया दोन मान्सं लागतात, मी एकला राह्यलो."

"दुसरा मी हाय ना. आधी आमच्या रानात मेंढरं बसवा, मंग इका."

 बाबा काठी घेऊन उठला.

मी पडलो पलटणीतला. मागून धावत, काठी हलवत मेंढरांची रांग धरू लागलो. "क्लोज अप", म्हणजे रांग आवळा, असंही ओरडलो. कळप फुटला, अर्धा बाभळीत शिरला. बाबा कमरेवर हात ठेवून बघत होता. मग हसला.

"आरं, ही पलटन न्हाई. तू पुढं चाल. ती मागनं येतात बराबर."

मी पुढं चालू लागलो. ती आली.

आमच्या रानात कळप बसवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जाळ्या सोडत होतो. बाबानं वर न बघता विचारलं, "तूच पुरलं न्हवं त्याला?"

"हो बाबा."

"माती कशी हाय तिथली?"

"लाल. ओलसर."

"गवत?"

"गुडघ्याच्या वर. उन्हाळ्यातबी हिरवं."

बाबा जाळी हातात धरून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "चाऱ्याला कमी न्हाई." आणि पुढच्या पट्ट्यात खुंटी ठोकायला गेला.

मेंढरं विकायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. कळपापुढं चालायला मी दरसाल धावड्याला जात राहिलो. त्या पहिल्याच साली मी रान पेरलं. ज्वारी डोक्याच्या वर गेली. बाबा हुरड्याला आला. आईनं लसणाची चटणी दिली होती. आम्ही दोघं आगटीशी बसलो, कणसं भाजली, हातावर चोळली. हुरडा गोड होता. खंडू पाहिजे होता.