वैशू बदकाशी बोलायची

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. सांगायला बसले की दुसरंच काहीतरी बोलून उठते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित आज जमेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीजवळ जळोचीत मी बालवाडी चालवायचे. समाजमंदिराची एक खोली, भिंतीवर मीच रंगवलेली झाडं, आणि खोली भरून पोरं. बालवाडीचा कोर्स केलेली आसपास मी एकटीच. त्यामुळे पोर जेवत नसलं, हट्ट करत असलं, तरी आया मलाच विचारायला यायच्या. ते मला आवडायचं. हेही सांगूनच टाकते.

माझ्या वर्गात वैशू होती. चार वर्षांची. घर मूळचं इंदापूरकडच्या निरवांगीचं, आजोबांपर्यंत मेंढरं राखणारं. बाप कारखान्यात लागला म्हणून इकडं भाड्यानं राहायला आलेले. वैशू बोलायची नाही. तिला ऐकू यायचं, सगळं कळायचं, सांगितलेलं करायची — पण शब्द नाही. डॉक्टर म्हणायचे, बोलेल, वाट बघा. तिची आई सुमन रोज तिला सोडायला यायची आणि दारात थोडी रेंगाळायची. "आज बोलली का?" असं ती विचारायची नाही. नुसती बघायची माझ्याकडं.

मी झटले हो. खोटं नाही सांगत. कापडाच्या बाहुल्या शिवल्या, वैशूला मांडीवर घेऊन गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. वर्ष गेलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. एक शब्द नाही.

त्याच सुमारास आमच्या आळीत केबल आली. केबलवाला संध्याकाळी स्वतःच कॅसेट लावायचा — बदकाच्या एका पिल्लाचं हिंदी कार्टून, रोज नवा भाग. पोरं वेडी झाली. आणि मग एक दिवस आमच्याच आळीतला बारका गणेश घरातून निघाला तो थेट उसात शिरला. सगळी आळी हाका मारत बांधाबांधानं फिरली. दिवस मावळता मावळता सापडला, पाचटात रडत बसलेला. कुठं निघाला होतास म्हटलं, तर म्हणाला, "बदकावानी फिराय."

झालं. दुसऱ्या दिवशी तात्या बालवाडीत आले. आळीतले सगळ्यांत वडीलधारे, त्यांचा शब्द कुणी मोडायचं नाही. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. त्ये कार्टून बारक्या पोरांनी बघावं का न्हाय, त्ये आठवडाभर बघून सांगा. तुमी म्हनाल तसं करू."

माझ्याकडं टीव्ही नव्हता. सुमनकडं होता. मी तिच्याकडं गेले.

कार्टून चांगलं होतं. हे आधी ऐका, मग पुढचं. त्यात मारामारी नव्हती, आरडाओरडा नव्हता. पिल्लू रस्ता चुकायचं, घाबरायचं, आणि शेवटी आई त्याला शोधत यायची. मारायची नाही. पंखाखाली घ्यायची. एवढंच. बारक्या पोरांसाठी याहून वेगळं काय हवं असतं?

वैशू टीव्हीपुढं बसली होती. मी मागं, दारापाशी. मी आलेय हे तिला कळलं नव्हतं. पडद्यावरचं पिल्लू तळ्याकडं निघालं — आणि वैशू बोलली. अगदी स्वच्छ.

"तिकडं नगं जाऊ. तितं पानी हाय."

आणि जरा थांबून, "तुजी आय रडंल."

सुमन माझ्याकडं बघत होती. हसत होती आणि डोळे भरलेले. हळूच म्हणाली, "बगा बाई. धा-बारा दिस झालं. तुमाला सांगितलं न्हाय, म्हटलं सवता ऐकू द्या."

काय वाटायला हवं होतं मला? सांगा ना. तिला जवळ घ्यायला हवं होतं, नाही का? मला राग आला. त्या रंगवलेल्या पिल्लाचा — आणि लाज वाटते म्हणायला, पण त्या पोरीचाही. वर्षभर मी जीव काढला, माझ्याशी नाही बोललीस, आणि याच्याशी? मी चहा न घेता उठले. आठवडाभर बघायचं होतं. मी तो एकच भाग बघितला.

मारुतीच्या देवळापुढं बैठक झाली. मी उभी राहिले. म्हणाले, मी आठवडाभर बघितलंय. म्हणाले, यातलं पिल्लू आईचं ऐकत नाही आणि त्याला कुणी काही बोलत नाही. पोरं हट्टी होतील. भाषा बिघडेल. एकदा सुरू केल्यावर शब्द आपोआप येत गेले.

सुमन बायकांत बसली होती. चाचरतच म्हणाली, "पर बाई, आमची वैशू त्येच्यासंगं बोलती की. तुमी ऐकलं न्हवं का?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ते बोलणं नव्हे सुमन," मी म्हणाले. "नक्कल आहे ती. अशानं उलट खरं बोलणं लांबतं."

हिंदी कार्टूनची नक्कल पोर निरवांगीच्या मराठीत कशी करील? हे एकानंही विचारलं नाही. मी बाई होते ना. सुमननं मान खाली घातली आणि हो म्हटलं.

कॅसेट बंद झाली. वैशू काही दिवस त्या वेळेला टीव्हीपुढं जाऊन बसायची — हे मला सुमननंच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, बाईंना सगळं सांगावं म्हणून. मग बसायची थांबली. मी एकदा केबलवाल्याकडं गेलेसुद्धा, ते कार्टून परत लाव म्हणायला. म्हणाला, "कॅशेटी म्या तवाच माघारी दिल्या. का वो बाई?" खरं काय ते तोंडाशी आलं होतं. म्हणाले, काही नाही, सहज विचारलं.

पुढं वैशूच्या बापाचं काम सुटलं आणि ती माणसं निरवांगीला परत गेली. मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन-तीन वर्षांनी इंदापूरच्या एसटी स्टँडवर मागून हाक आली. सुमन. शेजारी वैशू, चांगली उंच झालेली. मी काही विचारायच्या आतच सुमन म्हणाली, "अजून न्हाय बोलत."

ते कार्टून चालू राहिलं असतं तर ती बोलत राहिली असती का? मला माहीत नाही. कुणालाच ते आता कळायचं नाही.

सुमन बोलतच होती. "गावी गेल्याव टीव्ही बी काडून टाकला बगा. तुमी येळंवर सांगितलं म्हनून. आमा अडान्यांना काय कळतंय? न्हायतर पोरगी अजून बिगडली असती." मग तिनं वैशूच्या खांद्याला हात लावला. "वैशू, बाईंच्या पाया पड."

वैशू वाकली. मी तिला वाकू दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शहाणी हो."